मराठा आरमाराची एकही गुराब का उरली नाही?

खाडीपलीकडचा:
नमस्कार मंडळी.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला 'त्रिंकोमाली' नावाची फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, आजही पाण्यावर उभी आहे. तिकीट काढून आत हिंडता येतं. ती बांधली मुंबईच्या गोदीत. बांधणारे वाडिया हे पारशी घराणं, लाकूड मलबारी साग, आणि पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ ला. खडकीची लढाई व्हायला तेव्हा महिनासुद्धा उरला नव्हता. विजयदुर्गाला धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचं आरमार अजून होतं. थकलेलं, पण होतं.

आज दोनशे वर्षांनी इंग्रजांचं ते जहाज शाबूत आहे आणि आपली एकही गुराब (दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा चढवलेलं लढाऊ जहाज), एकही गलबत (त्याहून लहान, वल्ह्यांचं) कुठे ठेवलेलं माझ्या तरी वाचनात नाही. अख्खं जहाज सोडा, नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, तुकडाही नाही.

'आपल्याला इतिहास जपायची अक्कलच नाही' हे नेहमीचं उत्तर मला ठाऊक आहे. त्यात तथ्य अर्धंच वाटतं. उरलेलं अर्धं काय असावं? लाकूड वेगळं होतं का? बांधणी वेगळी? जाळपोळ? जाणकारांनी प्रकाश टाकावा. एकमेकांच्या जातीपाती आणि पेशवे काढायला दुसरे धागे उघडे आहेत, तिकडे जावं ही नम्र विनंती.

तिरकस_तांडेल:
आमच्याकडे सायकल ठेवायला जागा नाही, दोन डोलकाठ्यांची गुराब ठेवणार कुठे? माळ्यावर आधीच पाळणा आहे.

सुकाणू:
उत्तर सरळ आहे: फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्र्यांवर समुद्रातून इंग्रज आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज एकदमच आली. जहाजांवर ॲडमिरल वॉटसन, त्याच्याबरोबर क्लाइव्ह. आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाच्या आसऱ्याला दाटीवाटीनं उभं होतं. एक गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. तेही मूळचं इंग्रजांचंच, तुळाजीनं पकडून आणलेलं. त्यानं पेट घेतला आणि आग एकेका जहाजावरून पुढे सरकत गेली. बांधणीला घेतलेली जहाजंसुद्धा वाचली नाहीत. कान्होजींपासून उभं केलेलं सगळं एका दिवसात गेलं.

पेशव्यांना यात दोष द्यायचा की नाही यावर बोलायची विनंतीत मनाई आहे, म्हणून गप्प बसतो. अवघड जातंय.

वाचनमात्र:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मिठागर:
सुकाणूशेठ, आग खरी, पण तेवढ्यानं भागत नाही. १७५६ नंतर पेशव्यांनी विजयदुर्गालाच आरमाराचा सुभा ठेवला. आनंदराव धुळपांनी १७८३ च्या एप्रिलात ईस्ट इंडिया कंपनीचं 'रेंजर' जहाज पकडलं ते याच नव्या आरमाराच्या जोरावर. म्हणजे जळालं तरी पुन्हा बांधता येत होतं. मग ती दुसरी फळी कुठे गेली?

माझं म्हणणं, प्रश्न उलटा करा. लाकडी जहाज मोडीत जातं हा नियमच आहे. एखादं उरलं तर ते का उरलं ते शोधायचं.

त्रिंकोमालीची मुंबईतली भावंडं बघा. 'मिंडन', १८१०, ब्रिटनच्या बाहेर रॉयल नेव्हीसाठी बांधलेलं पहिलं ७४ तोफांचं जहाज. मोडीत गेलं. 'कॉर्नवॉलिस', १८१३. चीनशी नानकिंगचा तह १८४२ साली याच जहाजावर झाला. म्हातारपणी त्याचा धक्का केला आणि नंतर तोडलं. 'एशिया', १८२४, नवारिनोच्या लढाईत इंग्रज ॲडमिरल कॉड्रिंग्टनचं निशाण यावर होतं. तेही विकून तोडलं. 'गँजेस', १८२१. तोडलं तेव्हा कप्तानाची केबिन काढून डेव्हनमधल्या एका बेटावरच्या हॉटेलात बसवली. आणि माझं आवडतं 'वेलस्ली', १८१५. ते १९४० च्या सप्टेंबरात टेम्सवर जर्मन विमानांच्या बॉम्बनं बुडालं. शिडाच्या जमान्यातलं सागवानी जहाज आणि मारेकरी विमान!

त्रिंकोमाली वाचलं ते नशिबानं. १८१९ ला इंग्लंडात पोचलं तोवर नेपोलियन संपला होता. काम नाही म्हणून वर छप्पर घालून पंचवीसएक वर्षं नुसतं उभं केलं. मग थोडी वर्षं समुद्रावर, मग शिकाऊ पोरांसाठी. १८९७ ला भंगारात निघालं तर एका हौशी गृहस्थानं विकत घेतलं, कारण त्याचं आधीचं जहाज 'फूद्रोयां' त्याच साली वादळात फुटलं होतं. त्यानं या जहाजाचं नावही फूद्रोयां करून टाकलं. मूळ नाव परत मिळालं १९९२ ला. ते वादळ झालं नसतं तर आज या धाग्यात तुलनेला जहाजच नव्हतं.

अनामिका_व:
भाबडा प्रश्न. साग एवढा टिकाऊ, तर इंग्रज इतकी वर्षं ओकची जहाजं कशाला बांधत बसले? आणि साग टिकतो म्हणता तर आपला का नाही टिकला?

गोदीतला_निवृत्त:
अनामिकाताई, ओक त्यांच्या दारात होता, म्हणून. नेपोलियनच्या युद्धांत ओकचा तुटवडा पडला तेव्हाच त्यांच्या आरमारखात्यानं मुंबईकडे मोर्चा वळवला.

सागात अंगचं तेल असतं. तो लवकर कुजत नाही, उन्हापाण्यानं फारसा फुगत-आकसत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात लोखंडी खिळा टिकतो. ओकमधल्या टॅनिनमुळे खिळ्याला गंज चढतो. खिळा गेला की फळी सैल, फळी सैल झाली की पाणी आत. मलबारचा साग उंच, सरळसोट, मोठ्या जहाजाच्या फळीला योग्य. इंग्रजांनी तो इतका तोडला की १८४० च्या दशकात निलांबूरला कलेक्टर कॉनोलीला मुद्दाम सागाची लागवड करायला घ्यावी लागली.

आता दुसरा प्रश्न. कुजण्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा. दिसतो अळीसारखा, आहे शिंपल्याच्या कुळातला. बाहेरून फळी धड दिसते, आत नुसती जाळी. इंग्रजांनी तळाला तांब्याचे पत्रे मारले. आपल्या किनाऱ्यावर चुना आणि तेल एकत्र कुटून लेप देत. तो खरवडायचा, सुकवायचं, पुन्हा लावायचा. गोडं पाणी या किड्याला सोसत नाही. त्यामुळे पावसाळ्यात वर ओढलेलं किंवा खाडीच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवलेलं तारू दोन्ही बाजूंनी वाचायचं, वादळापासून आणि किड्यापासून. पण हे सगळं दरवर्षी करावं लागतं. त्याला माणसं लागतात, पगार लागतो. १८१८ नंतर विजयदुर्गाला तो कोण देणार होतं?

जाता जाता एक किस्सा. त्रिंकोमालीच्या बांधणीचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजावरून निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावाला गाठून संपवलं. नकाशे गेले, पुन्हा काढून पाठवावे लागले. शेवटी पठाण (जहाजाच्या तळाचा कणा) मांडलं तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला.

तिरकस_तांडेल:
मराठ्यांचा धागा वाडियांनी पळवला. लवजी वाडिया १७३६ ला सुरतेहून आले तेव्हापासून हेच चाललंय.

गोदीतला_निवृत्त:
तांडेल, पळवला तर पळवला. १७५० ला मुंबईत सुकी गोदी झाली, आशियातली पहिली. भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढायचं आणि तळ कोरडा करून काम करायचं. ती गोदी आजही नौदलाच्या आवारात कामात आहे. जहाजं गेली, गोदी राहिली, हेही लक्षात घ्या.

सुकाणू:
नकाशावरून आठवलं. त्यांना नकाशा गेला तर काम अडत होतं. आपल्याला नकाशाच लागत नव्हता. ज्याच्या डोक्यात जहाज, तो गेला की जहाज गेलं. खरी गोम इथे आहे. शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीला जहाजं बांधायला घेतली तेव्हा रुय लैताँव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीज माणसाला त्याच्या माणसांसकट कामाला लावलं होतं. वसईच्या पोर्तुगीजांना धडकी भरली आणि त्यांनी त्याला फितवून परत नेलं. माणूस फिरला की विद्या फिरली. कागद असता तर?

शिंपला:
सुकाणू, कागद असता तरी तो कुणी बघितला असता असं वाटत नाही.

माझं माहेर खाडीकाठचं, मच्छीमारीचं घर. मी पाहिलेली बांधणी गुराबेची नाही, मासेमारीच्या होडीची. पण लाकडाचं पुढे काय होतं ते तिथे कळतं.

सुताराला आमचे बाबा एवढंच सांगायचे: किती वाव लांब, कुठलं जाळं, किती माणसं. बाकी माप त्याच्या काठीवरच्या खुणांत. आधी पठाण मांडायचं, त्यावर पुढे नाळ उभी करायची, त्या दिवशी नारळ. फळीला वाक द्यायला खाली मंद विस्तव आणि वरून ओली फडकी, हळूहळू दाब वाढवत. घाई केली की फळी तडकते आणि सुतार दिवसभर कुणाशी बोलत नाही. आतल्या बरगड्यांना सरळ लाकूड कापून चालत नाही, रेषा तुटते. मुळात वाकडं वाढलेलं झाड लागतं. म्हणून आमचा सुतार लग्नाला परगावी गेला तरी वाटेतल्या झाडांचे कोपरे बघत जायचा. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून बसवायचा, वर तेल आणि राळ.

आणि होडी म्हातारी झाली की ती कुणी 'ठेवत' नाही हो. ज्या फळ्या धड आहेत त्या दुसऱ्या होडीच्या दुरुस्तीला. पठाणाचं जाड लाकूड घराला नाहीतर गोठ्याला. खिळे उपटून विकायचे. राहील ते चुलीत. आमच्या पडवीच्या एका खांबाला ओळीनं बुजवलेली भोकं होती. विचारलं तर आजी म्हणायची, 'ही तुझ्या पणज्याची होडी, टेकून बस.'

म्हणून 'अक्कल नाही' म्हटलं की मला टोचतं. साग तेव्हाही महागच होता. तो नुसता बघायला उभा करून ठेवणं कुणाला परवडलं असतं?

अनामिका_व:
शिंपलाताई, काय लिहिलंयत! सुताराबद्दल अजून लिहा ना, वेगळा धागा काढा.

मिठागर:
शिंपलाताईंना +१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सुकाणू:
होडीचं पटलं. पण आरमाराचं जहाज म्हणजे सरकारी मालमत्ता. तीस-चाळीस वल्ह्यांचं, तोफा चढवलेलं जहाज कुणी पडवीला लावणार नाही. तिथे वृत्तीचाच प्रश्न येतो. इंग्रजांनी ठेवलं, आपण नाही.

आजोळ_देवगड:
सुकाणू, याला एक तोड आहे. आंग्र्यांशी लढायला कंपनीनंही मुंबईत आपल्या बॉम्बे मरीन या आरमारासाठी गुराबा आणि गलबतं ठेवली होती, आपल्याच धर्तीची. त्यांच्या जहाजयाद्यांत 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हट' सगळीकडे भेटतात. मालक इंग्रज, गोदी मुंबईची. त्यातलीही एक उरली नाही. मग वृत्ती कुठे गेली?

आणि मुळात आधी गुराब डोळ्यांपुढे आणा. कॅलेंडरांवर, मालिकांत मराठ्यांच्या नावावर तीनमजली स्पॅनिश जहाज खपवतात, मागच्या टोकाला सोनेरी नक्षीचा बंगला. बघवत नाही. गुराबेला बहुतेक दोन डोलकाठ्या, थोरलीला तीन. दीडशे ते तीनशे टन. रुंद, तळ उथळ, पुढे निमुळती, आणि नाळ लांब, पाण्यालगत झुकलेली. नाळेमागच्या भिंतीला भोकं पाडून दोन जड तोफा थेट समोर रोखलेल्या, बाकीच्या बाजूंना. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबेला दोर लावून ओढत न्यायची. शत्रूच्या मागे जायचं, कारण तिथे त्याच्या तोफा थोड्या. समोरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या मोडायच्या, मग गलबतांतली माणसं वर चढायची. नाही जमलं तर खाडीत शिरायचं. मागे आलेला इंग्रज गाळात.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास, हेच धोरण आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत. वाऱ्याशिवाय हलत नाहीत असली मोठाली जहाजं करायचं कारण नाही. त्याच प्रकरणात लाकडाचंही आहे: साग वगैरे परवानगीनं राज्यातल्या रानातून तोडावा, कमी पडला तर परमुलखातून विकत आणावा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ती झाडं लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झालेलं झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे मोजून. आमच्या हापूसवाल्या गावांत हे फ्रेम करून लावायला हवं.

तिरकस_तांडेल:
आणि शेजारच्या कलमावर डोळा ठेवून असलेल्या माझ्या चुलतभावाला पाठवायला हवं.

डोलकाठी:
थोडं अवांतर. खिळ्यांवर एवढी चर्चा चाललीय, पण आपल्या किनाऱ्याची जुनी जहाजं बिनखिळ्यांची होती. फळीच्या कडेला भोकं पाडून काथ्यानं शिवलेली. अरबी समुद्रभर हीच पद्धत. मार्को पोलोनं होर्मुझला अशी जहाजं पाहिली आणि नाकं मुरडली. भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरू या संस्कृत ग्रंथात तर जहाजाच्या तळाला लोखंड वापरू नये असं सांगितलंय, कारण समुद्रातला चुंबकी खडक जहाज ओढून घेईल!

खरं कारण साधं असावं. शिवलेलं जहाज थोडं लवचिक असतं. लाटेवरून वाळूवर आदळलं तर खिळ्याचं जहाज जिथे उकलेल तिथे हे दबून सावरतं. नौदलानं नुकतंच 'कौंडिण्य' अशा पद्धतीनं बांधून घेतलं, अजिंठ्याच्या चित्रातलं पाचव्या शतकातलं जहाज समोर ठेवून. काम गोव्यात झालं, शिवणारे कारागीर केरळचे, आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं.

तिरकस_तांडेल:
चुंबकी खडक ही सबब मी उद्या ऑफिसला उशीर झाल्यावर देणार आहे.

वाचनमात्र:
शिवलेलं जहाज उसवलं तर?

डोलकाठी:
उसवतंच. काथ्या काही वर्षांनी बदलावा लागतो, मग सगळं उकलून पुन्हा शिवायचं. त्यामुळे अख्ख्या किनाऱ्यावर शिवणाऱ्यांना कायम काम. तिथेही 'जुनं जहाज' असं काही उरतच नाही, फळ्या तेवढ्या पुढे जातात. शिंपलाताईंच्या पडवीसारखंच.

इतिहासप्रेमी_पालघर:
सगळे आरमारावरच का अडलेत? आपली समुद्रविद्या लोथलपासूनची आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीची पक्क्या विटांची गोदी, २१४ मीटर लांब. तिथून सुरुवात करा.

मिठागर:
लोथलची ती गोदी की पाण्याचा तलाव, यावर पन्नास वर्षांहून जास्त काळ भांडण आहे. गोदी असली तरी तिथे दुरुस्ती-बांधणी होत होती असं त्यातून निघत नाही. तो वेगळा धागा होईल. पण तुम्ही तिकडचेच आहात तर बोरिवलीला एकसरचे वीरगळ बघून या. शिलाहार-यादव काळातले. एका दगडावर वल्ह्यांच्या जहाजांची रांगच्या रांग आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. मेलेल्या वीरांसाठी कोरलं, आपल्याला जहाज मिळालं. लाकडानं दगा दिला तरी दगड बोलतात.

इतिहासप्रेमी_पालघर:
एकसर माहीत नव्हतं. रविवारी जातो. लोथलबद्दल मात्र असहमत, पुरावे देईन.

अनामिका_व:
रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), आईच्या बोलण्यात अजून 'बोट लागली' येतं, मळमळलं की. ती लहानपणी मुंबईहून बोटीनं कोकणात जायची. बंदरात बोट लांब उभी राहायची आणि मग पडावात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीत, उतरायचं. पडाव खाली-वर, शिडीवरचा माणूस ओरडणार 'आता!' आणि त्या क्षणी उडी. पदर, ट्रंक, पोर, सगळं धरून. ते पडावही कुणीतरी बांधत असणार ना?

आजोळ_देवगड:
अर्थात, किनाऱ्यावरच्याच सुतारांनी. आगबोटी परक्या, पण त्यांतून उतरायला आपलंच लाकूड लागे. आमच्या घरी बोटीच्या गोष्टी निघाल्या की 'रामदास'वर येऊन थांबतात. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आजीनं त्यानंतर जन्मभर पावसाळ्यात बोटीत पाय ठेवला नाही.

गोदीतला_निवृत्त:
विषयावर येतो. आत्तापर्यंत कुणी दमण काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. पोर्तुगीजांचं 'दों फर्नांदो दुस ई ग्लोरिया', दमणला बांधलं, १८४३ साली पाण्यात उतरलं, साग नगर-हवेलीच्या जंगलातला. ते आज लिस्बनसमोर नदीच्या पलीकडच्या काठाला आहे. मध्ये १९६३ ला जळालं, तीसेक वर्षं गाळात अर्धं पडून होतं, मग उचलून पुन्हा उभं केलं. आपल्या किनाऱ्यावर बांधलेली शिडाची दोन मोठी युद्धजहाजं आज बघता येतात, ही आणि त्रिंकोमाली. दोन्ही परक्या आरमारांची. दोघांची कहाणीही एकच: लढाईतून निवृत्त, मग वर्षानुवर्षं बंदरात उभं राहून पोरांना शिकवणं. दिवाळखोर झालेल्या किंवा हरलेल्या आरमाराला असली उभी राहणारी जहाजं परवडत नाहीत.

खाडीपलीकडचा:
सगळ्यांचे आभार, धागा मस्त वाढला. दमणचं मला नवीन.

सुकाणूंचा कागदाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. विद्या हातातून हातात जात होती, ठीक. मग ती कोकणातच का आटली? केरळात बेपूरला उरू, म्हणजे मोठी लाकडी मालवाहू जहाजं, अजून बांधतात. अरबांच्या ऑर्डरी येतात आणि मेस्त्री नकाशाशिवायच काम करतो म्हणतात. कच्छात मांडवीला रुक्मावती नदीच्या काठावर मोठाली लाकडी जहाजं उभी दिसतात. आपल्याकडे विजयदुर्ग, जयगड, अलिबाग, वसई असताना मोठ्या जहाजाची बांधणी का संपली?

गोदीतला_निवृत्त:
गिऱ्हाईक. बेपूरला आखाती व्यापारी, मांडवीला आफ्रिका-आखाताचा व्यापार करणारे कच्छी. दोघांनाही मालाची जहाजं लागत राहिली. आपली मोठी बांधणी आरमाराच्या जिवावर होती. आरमार संपलं आणि उरला तो किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा फत्तेमारी-मचवा असल्या शिडाच्या मालवाहू होड्यांचा व्यापार. तोही आधी आगबोटीनं खाल्ला, मग रस्त्यानं. राहिली मासेमारी, तिथे आता फायबर. मुंबईच्या वाडियांचंही तेच झालं, फक्त त्यांनी वळण आधी ओळखलं. अर्देशिर करसेटजींनी १८३० च्या दशकातच वाफेच्या इंजिनाचं जहाज काढलं आणि १८४१ ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय.

शिंपला:
फायबरला दरवर्षी तेल-राळ लागत नाही, किडा लागत नाही, सुतारही लागत नाही. आमच्याकडच्या सुताराचा मुलगा आता फर्निचर करतो. चांगलं करतो.

सुकाणू:
मग एक गुराब बांधायचीच का नाही? कौंडिण्य एका भिंतीवरच्या चित्रावरून झालं. गुराबेची वर्णनं त्याहून कितीतरी आहेत. टन, तोफा, वल्ही, डोलकाठ्या, नाळेचा झुकाव, सगळं इंग्रजांनी मार खाऊन खाऊन लिहून ठेवलंय.

मिठागर:
चित्रावरून नुसतं बांधलं नाही, आधी प्रतिकृती करून आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासली. गुराबेचंही तसंच करावं लागेल. पाण्याखालचा आकार वर्णनांत नाही. इंग्रजांनी वरची बाजू पाहिली, तळ पाहिला नाही. उथळ तळ आणि नाळेवर दोन जड तोफा, म्हणजे पुढचा भाग खाली दबणार. तो त्यांनी कसा सावरला हे बांधणाऱ्यालाच शोधावं लागेल.

गोदीतला_निवृत्त:
बरोबर प्रश्न. माझा अंदाज, वजन खाली मध्याकडे आणि मागे दगडांचं भरताड. लांब नाळही तरंगायला मदत करत असणार. पण अंदाजच.

खाडीपलीकडचा:
बांधायची तर विजयदुर्गालाच. गिर्ये गावाजवळ वाघोटणच्या खाडीत खडक फोडून केलेली आरमारी गोदी आहे, लोक किल्ला बघून तिला न बघताच परततात. तिच्या मापावरून निदान आत केवढं जहाज मावत होतं ते तरी कळेल.

आजोळ_देवगड:
गोदीच्या मापावरून एका जहाजाचं माप काढू नका. ती लांबरुंद आहे, तिच्यात एका वेळी बरीच जहाजं पावसाळ्याला उभी राहत असणार.

वाचनमात्र:
इतका वेळ नुसतं वाचतोय, आता एकच विचारतो. बांधलीच तर डोलकाठ्या दोन की तीन?

आजोळ_देवगड:
दोन. तीनवाल्या थोड्याच होत्या, आणि अमात्यांनी मध्यमच सांगितलीय.